जावेची रिकामी गच्ची

आमच्या गावच्या उद्योगांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही, म्हणून मीच रचून ठेवलाय. दौलताबादच्या किल्ल्यावर तोफा चढल्या तेव्हा आमच्यातल्या एकानं तोफेच्या वाती वळायला घेतल्या. त्याचं बरं चाललंय म्हटल्यावर शेजाऱ्यानं वळल्या, मग त्याच्या शेजाऱ्यानं. शेवटी वाती इतक्या झाल्या की तोफा कमी पडल्या आणि सगळ्या गावाचा धंदा एकदमच बसला. पुरावा काही नाही. पण पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यावरून मागचं सांगते.

पुढचं सगळं माझ्या धाकट्या जावेपासून सुरू होतं. आमची घरं भिंतीला भिंत लागून. लग्न होऊन आली आणि लगेच तिनं वेरुळच्या रस्त्याला रसवंती टाकली. तिचं बघून मी टाकली, माझं बघून गावानं. उन्हाळा सरायच्या आत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती घुंगरं वाजत होती, रस प्यायला कुणी नव्हतं. मग तिनं थंड पाण्याचे जार आणले. सगळ्यांनीच आणले, आणि आम्ही एकमेकांच्याच घरी पाणी पाठवू लागलो. मग तिनं शेतात लग्नाचं लॉन केलं. गावात नवरानवरींपेक्षा लॉन जास्त झाली. तिचं तेवढं टिकलं. माझा बोर्ड रंगून यायचा तोवर धंदा मेलेला असायचा.

मी जळायचे, अगदी तळपायाची आग मस्तकात जायची. नवरा म्हणायचा, "तू तुझं बघ की." माझं काय बघू? नजर तिच्या दारावरून हटायची नाही.

आमच्याकडं धंदा चालला की नाही हे गल्ल्यावरून कळत नाही. शेजारणीनं तोच काढला, की चालला समजायचं. मला एवढंच हवं होतं, की एकदा तरी तिनं माझं बघून काहीतरी काढावं.

गेल्या उन्हाळ्यात मी खारोड्या घातल्या. बाजरीचा भरडा शिजवायचा, त्यात लसूण, तीळ, तिखट, आणि चिमटीचिमटीनं कापडावर घालून कडक वाळवायच्या. कापड मुद्दाम माझ्या गच्चीवर, तिच्या गच्चीकडच्या कठड्यालगत अंथरलं. वास पलीकडं जावा म्हणून लसूण जरा सढळ हातानं ठेचला. शहरात गुलमंडीच्या बाजारातल्या एका दुकानदारानं पाकिटं ठेवून घेतली आणि आठवड्यात पुन्हा मागवली. आता ही येणार, चव बघणार, आणि काढणार.

ती आपल्या गच्चीवर फिरकेचना. रोज तिथं कपडे वाळत घालणारी बाई अंगणात दोरी बांधून घालू लागली. माझ्याकडं बघायचंही नाही, इतका तोरा? मी मनातल्या मनात तिला नाही नाही ते बोलून घेतलं.

मग एकदा तिच्या लॉनवरचं लग्न आटोपलं आणि ती पाहुण्यांचा घोळकाच घेऊन माझ्या दारात आली. "ह्या आमच्या आक्का. जेवणात खारोड्या होत्या ना, त्या ह्यांच्याच हातच्या." दुकानातून तिनं कधी नेल्या होत्या कोण जाणे. पाहुण्यांनी विकत घेऊन माझे डबे तेव्हाच रिकामे करत आणले.

पाहुणे गेल्यावर मला राहवेना. "तू का नाय काढल्या गं? माझं काहीच घेण्यासारखं नाय का?"

ती पायरीवर बसली. "आक्का, मी काढल्या की सारं गाव काढतंय. तुमच्या खारोड्यांची दोन महिन्यांत माती झाली असती. म्हून गच्चीवर बी येत नव्हते. वास आला की लई पाणी सुटायचं तोंडाला, पर नाय आले."

डब्याच्या तळाशी मूठभर उरल्या होत्या, त्या मी तिच्या पुढ्यात ठेवल्या. शेंगदाण्यासोबत ती कोरड्याच कुडुमकुडुम खाऊ लागली. मी बघत बसले. रसवंती तिची आधी, जार तिचे आधी, लॉन तिचं आधी. आता मोठेपणाही तिनंच आधी दाखवला, आणि तो काही मला तिचं बघून काढता येईना.