कमी तिखटाची बरणी

अठरा एप्रिल. वर्षाच्या चटणीसाठी आणलेल्या मिरच्यांची देठं खुडायला आम्ही दोघी जावा गच्चीवर बसलो होतो, तेवढ्यात खाली रिक्षा थांबली आणि भावजी उतरले. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांच्याबद्दल एकाच वाक्यात सांगायचं तर असं सांगेन, की प्रेम या विषयात उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात त्यांच्याइतका ढ माणूस सापडायचा नाही, आणि आयुष्यभर ते त्याच विषयावर पोट भरत आलेत. मुंबईत राहून सिनेमे लिहितात, टीव्हीवरच्या विनोदी मालिका लिहितात. सिनेमात प्रेम आणि मालिकेत भांडण, अशी त्यांनी कामाची वाटणी केलेली आहे. घरात मात्र त्यांना या दोन्हींतला फरक कधी कळला नाही.

या माणसाला लेखक कुणी केलं, असं मला लोक दुकानात विचारतात. (आमचं कापडाचं दुकान आहे, गल्ल्यावर मी बसते.) कुणीही केलं नाही. वारणानगरला एका ऑफिसात कारकुनी करत होते. तिथल्या स्नेहसंमेलनात त्यांनी साहेबलोकांवर एक प्रहसन लिहिलं. साहेब हसले. साहेब हसले म्हणून सगळे हसले, आणि सगळे हसले म्हणून आमच्या भावजींनी पुढच्याच महिन्यात राजीनामा दिला. तेव्हापासून त्यांना माणसाचं हसणं फार खरं वाटतं. विनोदी मालिकेत मागून हशा जोडतात ना, त्याची सवय इतकी हाडात मुरली की घरी जेवतानाही काही गमतीचं बोलले की ते थांबतात. घास हातात, भुवया वर, हशाची वाट बघत. मी तेवढ्यात विचारते, "भात वाढू का?" गेली कित्येक वर्षं त्यांचे विनोद माझ्या भाताखाली गाडले गेलेत.

त्यांचा खरा देव म्हणजे इंग्रजांच्या विनोदी मालिका. कुठूनतरी तबकड्या आणून रात्रंदिवस बघत बसायचे. एकदा मला म्हणाले, "वहिनी, तिकडं वर्षाला सहा भाग लिहितात. सहा! न् मग दोन वर्षं चहा पीत बसत्यात."

"मग तुमी बी सहाच लिवा की. कोण नको म्हणतंय?"

"आमच्या मालिकेत सहा भागांत नुसतं आधण ठेवून होतंय ओ. दूध आणाय गेलेला माणूस अजून यायचा असतोय."

हे मात्र खरं बोलले. त्यांच्या एका मालिकेत घरातल्या सासूनं उंबऱ्याबाहेर टाकलेलं पाऊल आत यायला मी अख्खा आठवडा वाट बघितली होती.

सिनेमांचं वेगळंच. भावजींच्या प्रत्येक सिनेमात शेवटी नायक पळतो. एकात विमानतळावर पळाला, एकात विवाह नोंदणी कार्यालयात, आणि एकात एसटी स्टँडवर पळाला तर कंडक्टरनं त्याच्यासाठी गाडी मागं घ्यायला लावली. मी कोल्हापूरच्या स्टँडवर अर्धं आयुष्य काढलंय, कंडक्टरनं कुणासाठी शिट्टीसुद्धा उशिरा वाजवलेली बघितली नाही. पण भावजींचं म्हणणं असं, की पळाल्याशिवाय प्रेम सिद्ध होत नाही. एका निर्मात्यानं सांगितलं, लंडनमध्ये चित्रीकरण करू, तर यांनी कळंब्याच्या तलावाच्या काठावर बसून लंडन लिहून काढलं. पावसात भिजलेला पूल, पलीकडे नायिका, अलीकडून पळत येणारा आमचा कोल्हापूरचा गडी. पुढं चित्रीकरणाला यांनाही नेलं. तिथून एक छत्री आणि भली मोठी सर्दी घेऊन आले. विचारलं, कसं आहे लंडन? तर चेहरा पाडून म्हणाले, "तिथं कोण पळतच न्हाई ओ वहिनी. सगळी रांगेत उभी असत्यात." सिनेमातला पळणारा नायक मात्र तसाच ठेवला.

आता त्यांच्या सगळ्यात वाईट खोडीकडे येते. घरात कुणी काही बोललं की ते यांच्या कानातून थेट मालिकेत जातं. एक बाई दुकानात आल्या, ढीगभर साड्या उलगडायला लावल्या आणि काही न घेता उठल्या. मी म्हटलं, "साड्या बघाय आलतासा का वारा घ्यायला?" भावजी तेव्हा मागं गाद्यांवर लोळत होते. महिन्याभरात तेच वाक्य टीव्हीवर एका खाष्ट वहिनीच्या तोंडी, वर हशा. त्या बाईंनी ते बघितलं आणि आजतागायत समोरच्या दुकानात जातात. मी फोनवर भावजींना झाडलं, तर तेही दोन भागांनंतर मालिकेत आलं.

मी दगड आहे, मला काही झालं नाही. धाकटीचं तसं नव्हतं. धाकटी म्हणजे भावजींची बायको, माझी जाऊ. विज्ञान शिकवते, कमी बोलते आणि बोललेलं मागं घेत नाही. एकदा मुंबईत दोघांचं जोरात वाजलं. हे टेबलापाशी लिहीत बसलेले, ती दोन दिवस तापानं फणफणलेली, आणि यांना पत्ता नाही. शेवटी ती म्हणाली, "मी घरात हाय, हे तुमाला कळायला मी काय संवाद म्हणायचा?" भावजींना लाज वाटायला हवी होती. ती वाटलीही असेल, पण त्याआधी वाक्य आवडलं. मालिकेतल्या विनोदी बायकोनं लाटणं हातात घेऊन ते म्हटलं आणि महाराष्ट्र हसला. इमारतीतल्या बायका जिन्यात धाकटीला हसत हसत ते म्हणून दाखवायला लागल्या. तिनं बॅग भरली आणि इचलकरंजीच्या एका शाळेत नोकरी धरली. याला चार वर्षं झाली. स्टेशनवर, स्टँडवर, कुठंही तिच्यामागं कुणी पळत गेलं नाही.

चटणी मात्र आम्ही दोघी दरवर्षी मिळूनच करतो. लग्न होऊन आल्यापासूनचा रिवाज आहे, आणि नवऱ्याशी पटत नाही म्हणून जावेबरोबरची चटणी कुणी मोडत नाही. यात एक गोष्ट होती, ती फक्त आम्हा दोघींना माहीत होती. भावजींना पित्ताचा त्रास. माझी चटणी संकेश्वरी मिरचीची, झणझणीत. ती त्यांना सोसत नाही. म्हणून धाकटी एक छोटा घाणा वेगळा करते. ब्याडगी जास्त, संकेश्वरी नावाला, खोबरं सढळ हातानं. ती वेगळी राहायला लागल्यापासून त्याची बरणी मी माझ्या नावानं मुंबईला पाठवते. भावजी फोन करतात, "वहिनी, चटणी झकास!" मी दरवर्षी फोन ठेवून मनात म्हणते, ज्या माणसाला जिभेवर आलेली बायको ओळखता येत नाही, त्यानं प्रेमावर सिनेमे लिहावेत आणि लोकांनी ते तिकीट काढून बघावेत!

यंदा धाकटी मिरच्या खुडता खुडता म्हणाली होती, "आक्का, या सुट्टीत कागद करून टाकूया म्हणते. लोंबकळत किती दिवस ऱ्हायचं?" कागद म्हणजे फारकतीचे. हे तिनं आधी आमच्या ह्यांच्या कानावर घातलं होतं, आणि ह्यांनी भावाला फोन केला होता. म्हणून ती रिक्षा.

भावजी आत हातपाय धुऊन सदरा बदलेपर्यंत आम्ही खाली येऊन परसात चूल पेटवून मिरच्या भाजायला घेतल्या होत्या. भावजींनी मला खुणेनं बाजूला बोलावलं. "वहिनी, तुमी जरा आत जावा. मी मागच्या दारानं येतो. ती वळून बघंल, मग मी बोलतो."

"मिरच्या कोण हलवणार? तुमचा बाप?"

"बरं, मग ऱ्हावा. पण मधी बोलू नका."

आले मागच्या दारानं. इस्त्रीचा सदरा, हातात मोगऱ्याची पुडी. धाकटी वळून बघेना, म्हणून स्वतःच वळसा घालून समोर गेले आणि सुरू झाले. "मी आजवर हजार माणसांना तुझ्यासारखं बोलायला लावलं, पण तुझ्याशी बोलायचं..." इथवर आले आणि वारा फिरला. तव्यावरचा सगळा धूर त्यांच्या तोंडावर. जो ठसका लागला, तो काही थांबेना. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, मोगरा मिरच्यांत. मी तांब्या पुढं केला. धाकटीनं उलथन्यानं एकेक कळी बाजूला काढली आणि विचारलं, "हा कितवा खर्डा?"

भावजी खोटं बोलत नाहीत, एवढा एक गुण आहे. "चौथा," म्हणाले.

"शेवटी पळायचं हाय का ह्यात?"

भावजींनी तांब्या तोंडाला लावला. मला हसू आवरेना. त्यांनी ते बघितलं. एरवी मला हसवल्यावर त्यांना केवढा आनंद झाला असता.

दुपारी जेवायला बसलो. यंदाची चटणी व्हायची होती, म्हणून मी गेल्या वर्षीच्या माझ्या बरणीतली तेल घालून सगळ्यांना वाढली. भावजींनी भाकरीचा तुकडा लावून तोंडात घातला आणि ताट थोडं पुढं सरकवलं.

"ही न्हवं, वहिनी. माझी द्या."

"तुमची म्हंजे कुठली?"

"हिच्या हातची. मुंबईला येते ती."

आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला. धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच उभी. मी म्हटलं, "ती मी पाठवते."

"पाठवता तुमी. तुमच्या हाताला एवढं कमी तिखट जमणार हाय का ओ? पैल्या वर्षी पैल्या घासालाच कळालं मला."

"मग बोलला का न्हाई?" हे धाकटीनं विचारलं.

"बोललो असतो तर तू बंद केली असतीस."

मग धाकटी, जिला या माणसाची रग न् रग माहीत आहे, खालच्या आवाजात म्हणाली, "कुठल्या भागात घातलासा हे?"

"कुठल्याच न्हाई."

ती माझ्याकडं बघायला लागली, कारण मी त्यांच्या मालिका बघते हे तिला माहीत आहे. मी नावं ठेवते, पण या माणसाचा एकही भाग चुकवलेला नाही. नावं ठेवायला बघावं लागतं. मी मनातल्या मनात सगळ्या मालिका चाळल्या. माझं साड्यांचं बोलणं सापडलं, ह्यांचं घोरणं सापडलं, आमच्या घराची गळकी टाकीसुद्धा सापडली. चटणीची बरणी कुठंही नव्हती. ज्या माणसानं घरातली शिंकही सोडली नाही, त्यानं हे चार वर्षं तोंडातून बाहेर काढलं नव्हतं. दूध आणायला गेलेला माणूस दाखवून महिना काढणाऱ्याला हाताशी एवढं असून त्यानं ते वापरलं नाही. मी म्हटलं, "न्हाई बाई. कुठं न्हवतं."

धाकटीनं तांब्या खाली ठेवला.

संध्याकाळच्या एसटीनं ती इचलकरंजीला गेली. दुसऱ्या दिवशी तिची सकाळची शाळा होती. भावजी तिची पिशवी धरून स्टँडपर्यंत गेले आणि परत आले. मी विचारलं, काय म्हणाली? म्हणाले, "कागदाचं जूनमधी बघू म्हणाली." मग नेहमीसारखे थांबले, भुवया वर करून. मी भात वाढू का म्हणणार होते; का कोण जाणे, तेही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिरच्या कांडायच्या डंकावर पहिला नंबर लावून दोन्ही घाणे कांडून आणले. आमचे हे कापड घ्यायला इचलकरंजीला निघालेच होते. दरवर्षी कमी तिखटाची बरणी मी जुन्या साडीत गुंडाळून मुंबईला पाठवते. यंदा ती ह्यांच्या पिशवीत टाकली आणि धाकटीच्या घरी देऊन या, म्हटलं. भावजी उठले तेव्हा दहा वाजले होते. अंघोळ करून मुंबईच्या तयारीनं खाली आले आणि म्हणाले, "वहिनी, माझी बरणी?"

"इचलकरंजीला गेली. खायची असंल तर तिथं जाऊन खावा."

त्यांनी पायात चपला सरकवल्या. मी म्हटलं, "पळू नका. अर्ध्या अर्ध्या तासाला एसटी हाय."

बॅग घेऊन निघाले. मी दारात उभी राहून बघितलं. कोपऱ्यापर्यंत तरी पळाले नाहीत, चालतच गेले, आणि वळले ते रेल्वे स्टेशनकडे नाही, स्टँडच्या बाजूला. पुढचं मी बघितलं नाही. माझ्या चटणीत मीठ कालवायचं राहिलं होतं, आणि दुकान उघडायची वेळ झाली होती.