डावीकडे दोन सूत जास्त

ताईने मला श्रीवर्धनला पाठवलं ते समुद्र बघायला नाही, केतकीला बघायला. "दोन दिवस राहा, काय चाललंय ते नीट बघ आणि येताना तिला घेऊनच ये," इतकी स्वच्छ सूचना होती.

केतकी माझी भाची, वय सत्तावीस. चार वर्षं ती फळीवर उभी राहून लाटांवरून घसरत यायची आणि पैसे घेऊन इतरांनाही घसरायला शिकवायची. सर्फिंग म्हणतात त्याला. दीड वर्षापूर्वी दुचाकीवरून पडली आणि उजव्या पायात सळई बसली. आता चालते छान, पण गुडघा पुरता वाकत नाही आणि फळीवर उभी राहिली की पडते. पुण्यात एका कंपनीत तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती, सोमवारी हो किंवा नाही कळवायचं होतं. केतकी म्हणे, "नवा बोर्ड येतोय, थांबा." ताई म्हणे, बोर्ड तर मागच्या महिन्यातही नवाच होता.

गुडघ्याचा विषय मात्र चारचौघांत काढायचा नाही, हे घरात ठरलं होतं. स्थळं येतात. एक्स-रे कपाटात आणि कपाटाची चावी ताईच्या कमरेला.

या कामासाठी माझी निवड झाली, कारण मी संशयी आहे. संस्कृत घेऊन शिकलेल्या माणसाला प्रत्येक वाक्यातला कर्ता शोधायची खोड असते. "तुटलं" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुणी तोडलं?

शुक्रवार

सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने निघालो. गाडीसकट हजार-बाराशेच्या आसपास पडतं, तिकीट आधी काढून ठेवा. तासाभरात मांडवा. बोटीवरच्या कॉफीबद्दल मत देत नाही, कारण ती कॉफीच होती याची मला खात्री नाही.

केतकीने वाटेत एक काम सांगितलं होतं. तिचा बोर्ड दुरुस्तीला दिला होता, तो उचलून आणायचा. थळच्या बाजूला, खताच्या कारखान्याच्या चिमण्या दिसतात त्या रस्त्याला एक पत्र्याची शेड आहे. बाहेरून गोदाम, आतून दवाखाना. एसी, पांढरे दिवे, आणि मधोमध एक यंत्र, जे फोमच्या भल्यामोठ्या ठोकळ्यावरून सुई फिरवावी तसं फिरत होतं. मालक अद्वैत, तिशीचा, दाढी राखलेला. नावाने अद्वैत, पण भिंतीवर दोन भागीदारांचे फोटो होते.

"सर, आपल्याकडे अंदाज हा प्रकारच नाही," तो म्हणाला. "रायडरची उंची, वजन, लेव्हल, सगळं सॉफ्टवेअरला द्यायचं. ते शेप काढतं, मशीन कापतं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक नाही."

"सगळा बोर्ड संगणक काढतो?"

"अर्धाच काढतो. उरलेला अर्धा मिरर. डावं तसं उजवं."

"म्हणजे अर्धं काम आरसा करतो आणि पैसे पुरे."

तो हसला. चांगला हसला, त्यामुळे माझा संशय वाढला. मग त्याने पडद्यावर केतकीचा फॉर्म उघडला. उंची पाच-चार. वजन अमुक. डावा पाय पुढे. जुनी दुखापत: नाही.

मी ते "नाही" वाचलं. अद्वैत सांगत होता, "केतकीताईंचा बॅलन्स कुठे जातो तेच कळत नाही, सर. फुगवटा वाढवून बघितला, दोन्ही बाजूंनी. कार्बनची पट्टी टाकली. तरी पडतात. सराव कमी पडतोय बहुतेक."

सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. मी ते सांगितलं नाही. घरचा नियम होता, आणि खरं सांगायचं तर तिच्याविरुद्ध पुरावाही जमत होता.

निघताना मात्र एक गोष्ट दिसली. यंत्रातून निघालेला तयार बोर्ड अद्वैतने मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि तळहाताने कडा चाचपत गेला. एका जागी थांबला, पॉलिशचा कागद घेतला, चार हात फिरवले, पुन्हा चाचपलं.

"अंदाज हा प्रकारच नाही ना?" मी विचारलं.

"हे फिनिशिंग आहे, सर," तो म्हणाला आणि लाजला.

बोर्ड टपावर बांधून रेवदंडा, मुरुड करत आगरदांड्याला आलो. रस्ता बरा आहे, मुरुडच्या आधी खड्डे आहेत. वाटेत सुरमईची थाळी साडेतीनशेला घेतली. "घरगुती" अशी पाटी होती, पण कुणाच्या घरची ते विचारल्यावर वेटर आत निघून गेला. आगरदांड्याहून दिघीला गाडी बोटीत घालून जाता येतं, लांबचा वळसा वाचतो. तिथला तिकीटवाला टपाकडे बघत राहिला.

"काय हाय ता? इस्त्रीचा टेबल?"

"समुद्रावर उभं राहायची फळी."

"आनि बोटीला काय झाला?" त्याने विचारलं. मागच्या रिक्षातली माणसं हसली. मी तिकिटाचे पैसे पुढे केले.

शनिवार

श्रीवर्धनला सुपारीच्या वाडीतली खोली, दोन हजारात, नाश्ता धरून. पोहे उत्तम, गरम पाणी सांगाल तेव्हा नाही, त्यांना वाटेल तेव्हा.

सकाळी केतकी म्हणाली, "मामा, चल, तुला माझा दुसरा बोर्ड दाखवते."

"दुसरा?"

"आईला सांगू नकोस."

गुपितांची संख्या दोनावर गेली.

खाडीच्या कडेला मोहल्ल्याच्या टोकाशी गफूर मिस्त्रींची शेड आहे. वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर विणलेली टोपी, कानामागे पेन्सिल. आयुष्यभर लाकडी होड्या बांधल्या, एकीचाही कागदावर नकाशा नाही. आता होड्या फायबरच्या झाल्या, मुलगे कतारला गेले, आणि मिस्त्री फायबरच्याच होड्यांची भोकं बुजवतात. केतकी एकदा तिथे नांगराची कडी मागायला गेली आणि बोर्डाचं बोलून बसली.

बोर्ड सुताराच्या लाकडी घोड्यांवर ठेवला होता. पांगाऱ्याच्या पातळ पट्ट्या, आतून पोकळ, पोटात होडीसारख्या फासळ्या, शेपटीशी हवा सोडायला पितळी बूच. सुंदर होता. सुंदर वस्तू दाखवून लोक काय काय विकतात हे मला ठाऊक आहे, म्हणून मी डब्यांकडे बघितलं.

"मिस्त्री, पट्ट्या जोडल्या कशाने? राळ आणि तेल?"

"राळ आता कोन घेतंय, मास्तर? रेजीन हाय. फायबरवालं."

"आणि तासलं रंध्याने?"

"रंधा हाय ना, लायटीवरचा." त्यांनी बटण दाबून आवाज करून दाखवला. "हाताचा रंधा फोटोवाल्यांसाठी ठेवलाय. तुम्हाला फोटो कारायचाय?"

परंपरेचा निकाल तिथेच लागला. तेवढ्यात दुपारची बांग झाली, मिस्त्री नमाजाला गेले, केतकी चहा सांगायला गेली आणि मी बोर्डापाशी एकटा उरलो. मग मी केलं ते सभ्य नव्हतं. सुपारीच्या पोत्याची सुतळी घेतली, मधल्या पट्टीपासून उजव्या कडेपर्यंत ताणली, गाठ मारली. तीच सुतळी डावीकडे नेली. गाठ कडेपर्यंत पोचली नाही. पुन्हा मोजलं. शेपटीकडच्या भागात डावी बाजू जास्त रुंद, चांगली दोन सूत, म्हणजे पाव इंच. दुसरी गाठ मारली आणि सुतळी खिशात घातली.

सत्तरीचे डोळे, मी मनाशी म्हटलं. ताईला सांगायला पक्की गोष्ट मिळाली: एक बोर्ड यंत्राचा, त्यावरून ही पडते, दुसरा वाकडा, त्यावरून तर पडणारच.

"काय मोजलात, मास्तर?"

मिस्त्री दारात उभे होते. मागे केतकी, हातात तीन कटिंग.

"तुमचा बोर्ड वाकडा आहे," मी म्हणालो. चोरी सापडली की माणूस आवाज चढवतो.

"व्हय."

"डावीकडे दोन सूत जास्त."

"मी दोनच सोडलंत," मिस्त्री म्हणाले. "पोरीचा उजवा पाय जखमी हाय. पैल्या दिशी वल्या वाळूवरना चालत आली, मी पावलं बघितली. उजव्या पावलाची टाच खोल, बोटं उमटलीच न्हाय. गुडगा वाकत न्हाय, म्हनून भार टाचंवर. फळीवर ती उजवीकडं तोंड करून उभी ऱ्हाते, टाच येते डाव्या अंगाला. पडनार ती डावीकडंच. म्हनून तितं लाकूड सोडला."

केतकीने चहा खाली ठेवला. "मी तुम्हाला पायाचं सांगितलं नव्हतं, चाचा."

"मी तरी कुठं इचारला?"

हे फार नीटनेटकं होतं. चूक पकडल्यावर इतकं चोख कारण तयार असणाऱ्या माणसावर मी एरवीही विश्वास ठेवत नाही. "मग माझी पावलं बघून सांगा," मी म्हणालो.

मिस्त्रींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही उजव्या खांद्यावर वजन नेता."

"पिशवी खांद्यावरच आहे, मिस्त्री."

"मंग मी खोटं बोललो काय?" ते म्हणाले, आणि तिघांनी चहा घेतला.

परतताना गाडीत केतकीने काच खाली केली. मग म्हणाली, "मामा, अद्वैतच्या फॉर्मवर मी 'नाही' लिहिलं होतं."

"बघितलं मी."

"बघितलंस? आणि त्याला सांगितलं नाहीस?"

"घरी ठरलं होतं."

"ठरलं होतं म्हणे. कुणी ठरवलं?"

माझाच प्रश्न होता तो. मी समोरून येणाऱ्या एसटीकडे बघत गाडी चालवत राहिलो.

रविवार

सकाळी सातला किनाऱ्यावर. लाटेची संस्कृत नावं मी लहानपणी घोकली आहेत: तरंग, ऊर्मी, वीची, कल्लोल. इथे ऑक्टोबरात ती चारही एकत्र आली तर कमरेएवढी एक लाट होते. तुम्ही मोठ्या लाटांसाठी येणार असाल तर येऊ नका. शिकायला मात्र बरं आहे, पडलं तर खाली वाळू आहे. शिकणारे दोन विद्यार्थी होते, कोळीवाड्यातल्या चार बायका जाळं झटकत होत्या, आणि मिस्त्री दुरून आले होते, आपण काही बघायला आलो नाही अशा चेहऱ्याने.

आधी अद्वैतचा बोर्ड. दोनदा उभी राहिली, दोनदा पडली. मी बाजू बघत होतो. दोन्ही वेळा डावीकडे.

मग लाकडी. पहिल्या लाटेला पुन्हा पडली. मी मिस्त्रींकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. दुसरी लाट नुसतीच निघून गेली. तिसऱ्या लाटेवर ती उठली, टाच मागे गेली, हात हवेत फिरले आणि फळी डाव्या अंगाने किंचित दबून पुन्हा वर आली. केतकी उभीच होती. गुडघा ताठ, पाठ वाकडी, रूप काही फार देखणं नव्हतं. पाण्यातून बाहेर येईपर्यंत उभी होती.

"ए बया, पोरगी उबी ऱ्हायली!" जाळंवाल्यांपैकी एक ओरडली. "दोन म्हयनं नुसती बुडत व्हती!"

मिस्त्री एवढंच म्हणाले, "बूच घट लावलाय का बघा."

तो दिवस तिने परत परत पडण्यात आणि उभं राहण्यात घालवला. दुपारी अद्वैतला फोन लावला, मी शेजारीच होतो. पायात काय आहे, कधीपासून आहे, सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे कीबोर्डचा खडखडाट झाला. मग तो म्हणाला, "अहो, मग दोन्ही बाजू वेगळ्या काढू ना! मिरर बंद करायचं एक बटण आहे. तो लाकडी बोर्ड आणा, स्कॅन करतो." त्याने कधी विचारलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. विचारलं होतं, रकाना होता.

घरी

सोमवारी सकाळी निघून दुपारी दारात. बरोबर केतकी नाही, सुपारीची पिशवी. ताई आधीच येऊन बसली होती.

"कुठाय ती?"

"समुद्रात."

"पडते का अजून?"

"पडते. उभी पण राहते."

"लोकांसमोर?"

"कोळणींसमोर, विद्यार्थ्यांसमोर, एका मिस्त्रीसमोर. त्याने तर वाळूवरची पावलं बघून ओळखलं म्हणतो. ताई, आपण दीड वर्ष झाकत होतो, आणि ती चालत होती ओल्या वाळूवरून."

ताईने कमरेची चावी काढून टेबलावर ठेवली, ती एक्स-रेच्या कपाटाची होती की घराची, मी विचारलं नाही. पुण्याच्या कंपनीला 'नाही' कळवायचा फोन तिनेच केला.

सुतळी अजून माझ्या खिशात आहे. दोन गाठींमधलं अंतर मी घरच्या फूटपट्टीवर मोजलं, दोन सूतच आहे. पण मिस्त्रींनी ते जाणून सोडलं, की रंधा घसरला आणि मी पकडल्यावर कारण सुचलं, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. शेवटी केतकीलाच फोन करून विचारलं, तुला काय वाटतं?

मागे वारा होता, तिला ओरडून बोलावं लागलं. "मामा, त्यावर उभं मला राहायचंय की तुला?"