देवीच्या ओळीतली खुर्ची

मासळीच्या तळ्यांमधल्या बांधावरून आ-यान आणि मी परतीची निम्मी वाट चालून आलो होतो. सकाळीच त्याने गाडी रिकामी पुढे पाठवली होती.

तैवानातल्या तायनान शहरच्या जुन्या बँकवाल्या घराण्याचा हा एकुलता वारस. बँकेत कधी बसला नाही. आजोबांच्या पैशातून या किनाऱ्यावर दवाखाना काढला, पोरक्या मुलांसाठी घर काढलं. त्या घरात मी कितीतरी वर्षं स्वयंपाक करते. बाकी वेळ तो सिनेमे काढतो. कुठेही दाखवले तरी लोक टाळ्या वाजवतात, कारण कुणावर ना कुणावर त्याचे उपकार असतातच. खरं कुणी बोलत नाही.

आमच्याकडे नवस फेडायला देवळापुढे पडदा बांधून समुद्राच्या मात्सू देवीला सिनेमा दाखवतात. पहिली ओळ देवांची, रिकामी. माणसं मागे बसतात, कंटाळली की उठून जातात. म्हणून कालवं फोडणाऱ्या बायकांवरचा नवा सिनेमा त्याने काल इथे लावला.

पण देवळाच्या श्युए आजींनी त्याची खुर्ची पहिल्या ओळीत मांडलेली. वर लाल कागदावर नाव.

"आजी, मी मागे बसतो, शेंगांच्या गाडीजवळ."

"गप बस! दवाखाना दिलास आणि तुला शेंगवाल्याशेजारी बसवू? देवी कान उपटेल माझे."

"देवीला विचारलंत?"

"तीनदा कौल लावला. हो म्हणाली."

कौलापुढे कोण बोलणार? देवांच्या रिकाम्या खुर्च्यांत तो एकटा बसला. देवीकडे आणि त्याच्याकडे पाठ फिरवून जायचं कुणाचं धाडस होईना. शेवटी टाळ्या.

बांधावर तो एकदम म्हणाला, "ताई, कालवंवालीची ती चिमुरडी सुइलान तरी उठली का हो? तिला घटकाभरही बसवत नाही."

"उठत होती. आईने दंड धरून बसवली."

तो हसला, पण हसू टिकलं नाही. "आणि तुम्हाला कसा वाटला?"

"खरं सांगू? पडद्यापेक्षा तुझी पाठच जास्त बघितली."

मागे देवळाचं छप्पर अजून दिसत होतं. मी वळून हात जोडले. त्या ओळीत देवीही दर सिनेमाला एकटीच बसते.

तो थांबला. "पुढच्या वर्षी त्या खुर्चीत तुम्ही बसा. आजींना पुन्हा कौल लावायला सांगतो. मी मागे शेंगा खात उभा राहीन. आणि ताई, जिथे कंटाळा येईल ना, तिथे सगळ्यांदेखत उठून चालू पडा. एवढं कराल माझ्यासाठी?"