गफूरभाईंच्या दारातला ठोकळा

गफूरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सकाळी त्यांच्या छातीत कळ आली, म्हणून गावातल्या सरकारी रुग्णालयात नेलं. जुन्या इमारतीत खाट नव्हती आणि नव्या इमारतीला कुलूप. "यवतमाळले घेऊन जा," म्हणाले. ॲम्ब्युलन्स निघाली आणि वाटेतच सगळं आटोपलं. त्या कुलूप लावलेल्या इमारतीचे स्लॅब गफूरभाईंनीच टाकले होते. ऐकणारे हळहळले, कोणी नशीब म्हणालं. मला मात्र संताप आला. दीड महिना झाला, अजून तो उतरलेला नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

मी त्याच रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डाची परिचारिका होते. गफूर मिस्त्री आमच्याच गल्लीतले. किडकिडीत माणूस, डोक्याला रुमाल, बोटांच्या पेरांना सिमेंटने पडलेल्या चिरा. त्यांचं नाव होतं ते ठोकळ्यांसाठी. स्लॅब टाकताना त्याच मालातून सहा इंची लोखंडी साचे भरतात, ते ठोकळे पाण्यात मुरवतात आणि मग प्रयोगशाळेत यंत्राखाली दाबून फोडतात. ठोकळा जितका दाब सोसेल तितका स्लॅब पक्का, असा हिशेब. "गफूरचा ठोकळा कधी फेल जात नाही," असं कुठलाही ठेकेदार सांगायचा. दारव्ह्याहून, वणीहून माणसं त्यांना घ्यायला यायची. आणि मिस्त्रींना त्याचा केवढा तोरा! सळईने साचा कसा ठासायचा, हे ते मला चहाचा कप बाजूला ठेवून, हवेत हात हलवून दाखवायचे.

त्यांच्या घराच्या दाराला असाच एक ठोकळा लावलेला असे, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. त्याच्या कडा सारख्या झडायच्या. शकीलाभाभी, त्यांची बायको, रोज झाडताना कुरकुरायची, "किती झाडा, रेती हाये ते हायेच!" मिस्त्री हसून म्हणायचे, "राहू दे, मेहमान हाय तो." आम्हीही हसायचो.

नवी इमारत झाली तेव्हा गावाने पेढे वाटले. तिसऱ्याच वर्षी माझ्या वॉर्डाच्या छताला ओल धरली. गिलाव्याचे पापुद्रे खाटेवर पडू लागले. मी पत्रं लिहिली. एकदा लिहिलं, दुसऱ्यांदा लिहिलं, नंतर मोजणं सोडलं. ओलीखालची खाट मी सरकवली होती. मग वॉर्ड भरला, एकेका खाटेवर दोघी झोपू लागल्या, आणि ती खाट मीच परत तिथं ठेवली... हे मी चौकशीतही सांगितलं आहे, इथंही सांगते. पुढे एका दुपारी छताचा मोठा तुकडा त्या खाटेवर कोसळला. बाळंतीण बाळाला लस टोचून घ्यायला गेली होती. खाटेवर तिची आई बसली होती, नातवाच्या टोपड्याला नाडी लावत. ती जागच्या जागी गेली.

नव्या इमारतीला कुलूप लागलं. चौथ्या दिवशी गफूरभाई माझ्या अंगणात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"सिस्टरबाई, मले तुमाले एक सांगाचं हाय. ते ठोकळे... त्यायचा माल वेगळा होता. इंजिनिअर म्हणे, मिस्त्री, ठोकळ्याच्या घमेल्यात सिमेंट जास्तीचं टाका. मी टाकलं. सगळीकडं असंच चालते."

"मंग स्लॅबात काय होतं?"

"तुमी रोज पाह्यता न. माह्या दारात हाय. एक साचा उरलता. म्हटलं पाहू तरी, फरक किती येते. स्लॅबच्या मालातून भरला न घरी आणला."

ज्या रेतीवरून आम्ही इतकी वर्षं हसलो, ती माझ्या वॉर्डाच्या छताची रेती होती. मी ओरडले, "मंग काहून गप बसले तुमी?"

ते खाली बघत म्हणाले, "माह्या ठोकळ्याचं नाव होतं न, सिस्टरबाई."

मी त्यांना अंगणातून हाकलून दिलं. हो, हाकललंच. पुढचे कित्येक दिवस त्यांचं तोंड पाहिलं नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात, पण गफूरभाईंचा गुन्हा मला लहान करून सांगता येत नाही.

मग चौकशी समिती आली. विश्रामगृहात बसली. गफूरभाई पुन्हा माझ्या दारात, हातात सिमेंटच्या गोणीत गुंडाळलेला तो ठोकळा. "जबाब देऊन राह्यलो. लिहून देता का?" मी लिहून दिलं. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. दोन दिवस आम्ही व्हरांड्यात बसून होतो. तिथं इंजिनिअर आला, ठेकेदार आला, दोघांना आत चहा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला आत घेतलं. मिस्त्रींनी ठोकळा टेबलावर ठेवला, तशी रेती साहेबांच्या कागदांवर सांडली. साहेबांनी ती फुंकून टाकली.

"याला सील आहे का? नोंद आहे का?"

"नाही साहेब. पण एकडाव फोडून पाहा न."

"प्रयोगशाळेचे अहवाल आहेत आमच्याकडे. सगळे ठोकळे पास आहेत."

"ते बी मीच भरले साहेब. ते खोटे हायेत. खरा हा हाय."

टंकलेखन करणाऱ्या बाईंचे हात थांबले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब शांतपणे म्हणाले, "हे घेऊ नका."

तीन शब्द! एक म्हातारा स्वतःच्या गळ्यात दोर अडकवून घ्यायला आला होता आणि त्याला तेवढंही करू दिलं नाही. कारण त्याचा गुन्हा मान्य केला असता, तर ठोकळ्यांवर सही करणाऱ्यांचाही करावा लागला असता. अहवाल आम्हाला कोणी दाखवला नाही. पेपरात आलं तेवढंच कळलं : अतिवृष्टी आणि निकृष्ट कारागिरी. आभाळ दोषी आणि मिस्त्री दोषी, मधले सगळे धुतल्या तांदळाचे. इंजिनिअरची बदली झाली, तीही बढतीवर. ठेकेदाराच्या गाड्या आजही माझ्या घरासमोरून गिट्टी घेऊन जातात. गफूरभाईंनी ती बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि विचारलं, "कारागिरी म्हंजे मीच न?" त्यानंतर त्यांनी थापीला हात लावला नाही. त्यांना माफ करणं मला कधी जमलं नाही. पण एवढ्या सगळ्या सह्यांमागून "मी केलं" म्हणत पुढे आलेला माणूस तो एकटाच होता, आणि त्याच्याच शेजारी मी बसले होते, याचं मला आजही बरं वाटतं.

परवा शकीलाभाभीला भेटायला गेले. दार उघडं होतं, ठोकळा जागेवर होता. त्याच्या कडा आता पार गोल झाल्या आहेत. भाभी झाडत होती. उंबऱ्याजवळची रेती तिने सुपलीत घेतली आणि कोनाड्यातल्या डब्यात ओतली. डबा काठोकाठ भरत आला होता. मी विचारलं तर म्हणाली, "थेच सांगून गेले. सबूत हाय, फेकू नको म्हणे. साहेब लोक आले तं दाखवजो म्हणे."

चौकशी संपली भाभी, कोणी येणार नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं. मग ते मिटलं. उंबऱ्याच्या कोपऱ्यात थोडी रेती राहिली होती. मी तिच्या हातातला झाडू घेतला.