सक्तीची रजा

घरात त्याला सगळे दादा म्हणत. आधी धाकटी भावंडं म्हणायची, मग आई म्हणू लागली आणि पुढे बायको सोडून अख्खी गल्ली म्हणू लागली. दादाला एक खोड होती आणि ती त्याला गुण वाटायची. आपल्यावाचून कुठलंच काम होऊ नये, याची तो डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यायचा. कपाटाची किल्ली त्याच्या खिशात, बँकेचा पासवर्ड त्याच्या डोक्यात. साधा प्लंबर बोलवायचा तरी बायकोला त्याच्या ऑफिसात फोन करावा लागे. फोन ठेवला की तो शेजारच्या टेबलाकडे बघून सुस्कारा टाकायचा, माझ्यावाचून घरात पान हलत नाही म्हणायचा. तसं म्हणताना त्याच्याइतका सुखी माणूस त्या इमारतीत दुसरा नसे.

सतरा वर्षं त्याने एकाच कंपनीचे हिशेब सांभाळले. पोरीच्या जन्माच्या वेळी अर्धा दिवस काय ती रजा घेतली. चव्वेचाळिसाव्या वर्षी सरहद्दीपलीकडच्या देशातून नोकरी चालून आली. दोन्ही देशांत मालाचे ट्रक पाठवणारी मोठी कंपनी, पगार अडीचपट. जुन्या ऑफिसने निरोपाला एक घड्याळ दिलं. आता यांचं कसं होणार, या काळजीत तो बसमध्ये बसला. त्याचं टेबल सोमवारीच दुसऱ्याला दिलं गेलं होतं, पण ते त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

बसने साडेचार तासांचा रस्ता, मध्ये शिक्क्यांची रांग. पलीकडे टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर त्याने खोली घेतली. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, हात बाहेर काढला तर टेकेल एवढी जवळ. पण ही खोली काही कायमची नव्हती. करार एक वर्षाचा होता. वर्ष पुरं झालं आणि प्रमुखांनी सही केली की नोकरी कायम, आणि नोकरी कायम झाली की कुटुंबाचा परवाना. दादाने दोन खोल्यांचं घर हेरूनही ठेवलं. आईची खाट कुठल्या भिंतीला लागेल, पोरीचं टेबल कुठे बसेल, हे टेपने मोजून कागदावर काढलं. तिघींना इकडे यायचंय का, असं विचारायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

सुरुवातीला बायकोचे दिवसाला चार चार फोन यायचे. मीटरवाला आलाय, आईंच्या गोळ्या संपल्यात, शाळेचा फॉर्म कुठे आहे. दादा ऑफिसच्या जिन्यात उभा राहून तिला झापायचा, एवढंही कळत नाही का म्हणायचा आणि ताजातवाना होऊन टेबलाशी परतायचा. पुढे फोन कमी झाले. मग रविवारचा तेवढा एक उरला. आपलं काम वाढलंय हे बायकोने ओळखलं, असं त्याने धरलं.

या कंपनीत एक नियम होता. पैशांचं काम करणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा सलग चौदा दिवस रजेवर जायचं. मागायची रजा नव्हे ही, सक्तीची. तेवढे दिवस त्याचा पासवर्ड बंद आणि खुर्चीत दुसऱ्या विभागातलं माणूस. त्याने रजेवरच्याला फोन करायचा नाही, रजेवरच्याने ऑफिसला करायचा नाही. कुणी काही दडवलं असेल तर तेवढ्या दिवसांत वर येतं, असा हिशेब. आणि हीच रजा पार पडल्यावर प्रमुख कायमपणाची सही करत.

दादाने आयुष्यात कधी चोरी केली नव्हती. त्याने केलं ते त्याहून मूर्खपणाचं होतं. त्याच्या जागी गोदामाकडची एक बाई बसणार होती, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, चष्म्याला दोरी बांधणारी. तिच्यासाठी त्याने अकरा पानांची टाचणं लिहिली, सुवाच्य अक्षरात, आणि त्यात एक मेख मारून ठेवली. ट्रकवाल्यांना दिलेले पैसे दोन चलनांतले असायचे, त्यामुळे बँकेचा आकडा आणि वह्यांचा आकडा थोडा हुकायचा. तो फरक जुळवायचा एक तक्ता दादाने स्वतः बनवला होता. तो तक्ता त्याने पासवर्ड घालून कुलूपबंद केला आणि अकरा पानांत त्याचा उल्लेखच केला नाही. शिवाय कीबोर्डखाली स्वतःच्या फोन नंबरची चिठ्ठी सरकवली. महिनाअखेरीला आकडे जुळणार नाहीत, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळेल, नियमबियम गुंडाळून प्रमुख स्वतः फोन लावतील. मग सही काय, ते पेन घेऊन दारात उभे राहतील. या विचाराने त्याला बसमध्ये छान झोप लागली.

घरी आला तर घर चालू होतं. नळ गळत नव्हता. कपाटाला नवं कुलूप होतं आणि त्याची किल्ली खिळ्याला उघडी टांगलेली. आईच्या गोळ्या पोरीने वारांप्रमाणे डबीत लावल्या होत्या. बायको सकाळी एका दवाखान्यात नावं नोंदवायच्या कामाला जात होती. हे रविवारच्या फोनवर तिने दोनदा सांगितलं होतं, त्याने ऐकलं नव्हतं. माणसाने आनंदाने जेवून झोपावं असं घर होतं. दादा मात्र जेवण उरकून कपाटाशी गेला.

तो चुका शोधायला लागला. फोन शर्टाच्या खिशात घेऊन हिंडायचा, आंघोळीला जाताना पोरीच्या हातात द्यायचा, वाजला तर दार ठोठाव म्हणायचा. फोन काही वाजत नव्हता. तसतसा तो फायली उपसायचा. नवव्या दिवशी त्याला घबाड सापडलं. बायकोने घरपट्टी दोनदा भरली होती. समोरची काकू बसली होती, आई होती, पोरगी होती. पावत्या नाचवत त्याने विचारलं, दवाखान्यात लोकांची नावं तरी नीट लिहितेस ना, की मेलेल्यांचीही लिहितेस? काकू हसली. पोरगी उठून आत गेली. बायको म्हणाली, जास्तीचे पैसे पुढच्या वर्षात वळते करून घेतलेत, अर्ज मागेच जोडलाय. दादाने पान उलटलं. अर्ज होता. अक्षर वाचता येत नाही, असं तो म्हणाला.

पंधराव्या दिवशी तो ऑफिसात परतताच प्रमुखांनी त्याला बोलावलं. टेबलावर एकपानी अहवाल होता आणि त्याला टाचणी लावून फोन नंबरची चिठ्ठी.

"तक्ता कुलूपबंद होता," प्रमुख म्हणाले. "बाईंनी बँकेचं टपाल उघडलं. बँक दर महिन्याला चलनांच्या दरांची यादी पाठवते, तुम्ही एकही पाकीट फोडलेलं नव्हतं. फरक जुळवायला त्यांना चाळीस मिनिटं लागली."

दादाने काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"तुम्ही चोरी केली नाहीत, ते आम्ही बघितलं. चोर असता तर बरं झालं असतं, त्याचं काय करायचं ते ठरलेलं आहे. पण जे काम एकाच माणसाला येतं ते आमच्याकडे धोका म्हणून लिहितात. आणि तुम्ही तो मुद्दाम तयार केलात. तुमचं काम बाई आता दुपारी दोन तासांत उरकतात."

ते आवाज न चढवता बोलत होते, हवामान सांगावं तसं. सही होणार नव्हती. आठवड्याभराने करार संपणार, त्याच दिवशी परवानाही. उरलेले दिवस ऑफिसला यायची गरज नव्हती. दारात ती चष्म्याची दोरीवाली बाई उभी होती. नंतर कुलूप उघडून घेतलं, तक्ता सुबक केलाय हो, असं ती म्हणाली. ती मनापासून म्हणाली, आणि दादाला तेच सगळ्यात जास्त लागलं.

त्याने खोली रिकामी केली, सगळा संसार दोन बॅगांत कोंबला आणि घरी आला. कसं सांगायचं ते बसमध्ये घोकत होता. शेवटी ठरवलं, सरळ सांगू, घरचीच माणसं आहेत. दारातच बायकोने दोन बॅगा बघितल्या आणि तिचा चेहरा उतरला. तिने पोरीला आत पाठवलं, त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"सही झाली ना? आम्हाला न्यायला आलात?"

तो बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "अहो, आम्ही येत नाही. आईंशी बोललेय, त्याही नाही म्हणतात. तुम्ही गेलात तेव्हा मी महिनाभर रडले, आता कसं होणार म्हणून. मग कळलं, काहीच अडत नाही. उलट घरात कुणी दचकत नाही. परवा तुम्ही चौदा दिवस होतात, तर पोरगी रोज विचारायची, अजून किती दिवस?"

दादाने आईकडे बघितलं. आई डबीतली त्या दिवसाची गोळी काढत होती.

"वाईट वाटून घेऊ नका," बायको म्हणाली. आता तिचा आवाज मऊ झाला होता, आजाऱ्याशी बोलताना होतो तसा. "तुम्ही तिकडेच बरे. तिकडे तुमच्यावाचून अडतं, मान आहे तुम्हाला. इथे नाही हो अडत."

घोकलेलं सगळं जिभेवर होतं. सांगितलं असतं तर तिने ठेवून घेतलं असतं, तेवढी ती चांगली होती. ठेवून घेतलं असतं, गोळ्यांच्या डबीशेजारी कुठेतरी. दादाने पाणी संपवलं.

"हो," तो म्हणाला. "फार अडतं तिकडे. उद्याच जायला हवं."

बायकोचा जीव भांड्यात पडला. सकाळी तिने डबा करून दिला आणि दोन्ही बॅगा स्वतः रिक्षात ठेवल्या. सरहद्दीवर खिडकीतल्या माणसाने परवाना उलटापालटा केला, हा चार दिवसांत संपतोय म्हणाला आणि विचारलं, कशासाठी जाताय?

"काम आहे," दादा म्हणाला.