पडद्याला खरे बोलायला लावणाऱ्या सुलभाताई

सुलभाताई तांडेल यांची आणि माझी पहिली भेट बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात झाली. मी जळगावहून येऊन नुकताच कंट्रोल रूममध्ये रुजू झालो होतो आणि ताई आमच्या विभागप्रमुख होत्या. समोरच्या मोठ्या स्क्रीनवर टाक्या, पाइप, तापमानाचे आकडे दिसत होते. मी भारावून पाहत राहिलो. ताई म्हणाल्या, "छान दिसतंय ना? पण याला हात नाहीत. आपण नुसतं बघायचं आणि काही करायचं झालं की खाली फोन लावायचा."

ते खरेच होते. रसायने ज्या बंद भांड्यात तापवतात त्या रिअ‍ॅक्टरचे तापमान फार चढले, तर ऑपरेटरने फोन करायचा आणि खालच्या माणसाने धावत जाऊन वाफेचा व्हॉल्व्ह फिरवायचा. फोन उचललाच गेला नाही, तर वरच्याने आकडा चढताना बघत बसायचे. स्क्रीनवरूनच व्हॉल्व्ह उघडता-मिटता यावेत, असा प्रस्ताव ताईंनी मांडला. व्यवस्थापन बिचकले. चुकून कुणाचा हात लागला तर? ताईंनी ती भीती हसण्यावारी नेली नाही. प्रत्येक कमांडआधी स्क्रीनने "रिअ‍ॅक्टरची वाफ बंद करायची?" असे विचारावे, आणि तेही मराठीत आणि हिंदीत, हे त्यांनी ऑपरेटरांशी बसून ठरवले.

प्रस्ताव मंजूर झाला, पण खरा वाद पुढेच झाला. काम घेतलेल्या कंपनीचे म्हणणे असे, की बटण दाबले की चित्रातला व्हॉल्व्ह लाल, म्हणजे बंद, दाखवू, झाले काम. ताई अडून बसल्या. "बटण दाबलं ते मला माहीत आहे, मीच दाबलंय. व्हॉल्व्ह बंद झाला का, ते सांगा." त्यासाठी प्रत्येक व्हॉल्व्हवर त्याची स्थिती कळवणारा स्विच बसवावा लागणार होता. एक वरिष्ठ वैतागले, "मॅडम, तुम्ही काम लांबवताय." ताई शांतपणे म्हणाल्या, "खोटं बोलणाऱ्या स्क्रीनपेक्षा आपला फोन बरा." अखेर स्विच बसले.

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारच्या पाळीत, तापमान झपाट्याने चढू लागले. ऑपरेटर रामआशिषजींनी वाफ बंद करण्याची कमांड दिली. स्क्रीनवर अक्षरे आली: कमांड दिली, व्हॉल्व्ह अजून उघडा.

"मॅडम, बंद नहीं हुआ!" ते ओरडले.

"ठंडा पानी खोलो, पूरा!" ताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "खाली फोन लावा. हाताचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगा, लगेच!"

या वेळी फोन उचलला गेला. आकडा आणखी थोडा चढला, थबकला आणि हळूहळू उतरू लागला. ताईंनी रामआशिषजींना चहा मागवून दिला आणि म्हणाल्या, "आपने ठीक पढ़ा, इसलिए बचे." चित्रातला व्हॉल्व्ह नुसता लाल झाला असता, तर आम्ही निर्धास्त होऊन दुसरीकडे बघितले असते. खाली काम करणारी सगळी माणसे त्या दिवशी पाळीच्या बसने घरी गेली. ताईंच्या कामाचे मोल मला तेव्हा कळले.

त्यांच्या मायेचाही अनुभव मी घेतला आहे. लग्नानंतर आम्ही बोईसरला भाड्याच्या खोलीत राहत होतो. मी तापाने आजारी पडलो आणि पत्नीला गावात ओळखीचे कुणी नव्हते. ताई आम्हा दोघांना शिरगावला आपल्या घरी घेऊन गेल्या. अंगणात मासळी वाळत होती. त्यांच्या आई पत्नीला म्हणाल्या, "तुमी आमचीच मानसं. बरं वाटल्याबिगर जायचं नाय." आम्ही आठवडाभर राहिलो. त्या घरात माझ्या पत्नीला माहेर मिळाले, ते आजतागायत.

येत्या महिन्यात ताई साठी पूर्ण करतील. सेवानिवृत्तीनंतर विश्रांती घ्याल का, असे विचारले तर त्या हसतात. पालघरला त्यांनी एक छोटे प्रशिक्षण केंद्र सुरू करायला घेतले आहे. तिथल्या स्क्रीनमागे खरा रिअ‍ॅक्टर नाही. आसपासच्या गावांतल्या मुलामुलींनी हवे ते बटण दाबावे, गोंधळ घालावा आणि मग तो निस्तरायला शिकावे, अशी त्यांची कल्पना आहे. "इथे चुकतील, तर कारखान्यात सावध राहतील," असे त्या म्हणतात.

ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. पुढच्या कित्येक तुकड्यांना त्यांच्यासमोर निर्धास्तपणे चुकता येवो.