माळकरी वाइनबुवा

"आधी वाइन टाक रे, वाइन! त्याबगर ते उठतच न्हाई. सकाळी मशीन चालू केली की पैली वाइन!"

औंढ्याच्या बसस्टँडसमोरच्या आपल्या दुकानात आमचे वाइनबुवा फोनवर ओरडत होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि आवाज असा, की तिकडे सिद्धेश्वर धरणातल्या माशांनी दचकून तळ गाठावा. फोनच्या दुसऱ्या टोकाला हिंगोलीचा एक टायपिंगवाला होता. आणि नेमके त्याच घटकेला दुकानाच्या दारात कनेरगाव नाक्याचे पाहुणे येऊन उभे राहिले होते, बुवांच्या सुमनला पाहायला. घर असं कडक माळकरी, की चहात आलं टाकायचं तरी देवाला विचारतील. त्यांच्यातल्या आजीबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पाण्याचा घोटही न घेता सगळं बिऱ्हाड पुन्हा एसटीत नेऊन बसवलं.

ही वाइन प्यायची नव्हे, हे अख्ख्या औंढ्यात बुवा, सुमन आणि शेजारचा प्रसादवाला म्हणून मी, एवढ्यांनाच ठाऊक. बुवांचं दुकान लग्नपत्रिका आणि टायपिंगचं. भाविकांच्या पेनड्राइव्हांतून तिथे इतके व्हायरस यायचे, की कॉम्प्युटरजवळ नुसतं उभं राहिलं तरी मला शिंका यायच्या. वैतागून बुवांनी कॉम्प्युटर चालवणारं विंडोज काढून त्याच्या जागी लिनक्स टाकलं. रोगराई गेली, पण जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम विंडोजवरच जन्मलेला, तो उघडेना. तेव्हा बुवांनी कुठून तरी वाइन शोधून काढली. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवते ती.

नवं टायपिंग फुकट मिळत होतं, पण त्यात अक्षरांच्या जागा वेगळ्या. सुमनची बोटं जुन्या जागांवर बसलेली. ती डोळे मिटून पत्रिका टाइप करायची, आणि आमंत्रितांत एक मामा विसरला असेल तर तोही तिच्या बोटांना आठवायचा. बुवा म्हणायचे, "पोरीची बोटं बदलायची न्हाईत. बदलायचं ते मशीननं बदलावं."

दुसरा त्यांचा हट्ट नावाचा. मी किती वेळा सांगितलं, चारचौघांत द्राक्षासव म्हणा, खोकल्याचं औषध म्हणा. ते म्हणायचे, "काहून? नाव त्याचं त्ये हाय. म्या ठेवलं न्हाई, म्या बदलणार न्हाई."

पण पाहुणे गेले त्या दिवशी बुवांचा आवाज बसला. कितीतरी स्थळं नाकारल्यावर याच मुलाचा फोटो पाहून सुमन पहिल्यांदा "चालंल" म्हणाली होती. आता ती लोकांच्या लग्नाच्या पत्रिका टाइप करत होती. आपल्याच तोंडानं लेकीची सोयरीक मोडली, हे बुवांना गिळता येईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरचा डबा मोटारसायकलच्या टाकीवर बांधला आणि स्क्रीन माझ्या मांडीवर देऊन मला मागे बसवलं. कनेरगाव येईस्तोवर माझ्या मांड्या चौकोनी झाल्या होत्या.

पाहुण्यांच्या ओसरीत मशीन चालू झालं, आणि स्क्रीनवर आधी काय यावं? तांबड्या दारूनं भरलेला ग्लास. वाइनचं चित्रच ते. आजीबाईंचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. मी चपला शोधायला लागलो.

बुवा जागचे हलले नाहीत. "आजी, ह्यो टायपिंगचा प्रोग्राम दुसऱ्या घरचा," ते म्हणाले. "त्यो पाणी मागतो तर ह्या मशीनला त्याची बोलीच कळत न्हाई. मंग मधी ही वाइन उभी ऱ्हाती. त्याचं मागणं मशीनच्या बोलीत सांगती, मशीनचं त्याच्या बोलीत. त्याला सोताला बदलावं लागत न्हाई." आणि त्यांनी एकेक कळ शोधत टाइप केलं, 'श्री नागनाथ प्रसन्न'.

आजीबाई त्या अक्षरांजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "असं व्हय. मंग आमच्या घराच्या आन् तुमच्या पोरीच्या मधी कोण उभं राहीन, बापा?"

बुवा माळेचा मणी नुसता बोटात फिरवत राहिले. आपण मशीनची सोय केली, लेकीची करायची राहिली, असंच काहीसं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तेवढ्यात दाराच्या चौकटीला टेकलेला मुलगा, ज्यानं आतापर्यंत फक्त चहा प्यायला होता, म्हणाला, "मी राहीन."

लग्न झालं. बुवा त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मशीन सुमन घेऊन गेली. माझ्या शेजारचं शटर आता खालीच असतं, आणि बसस्टँड इतका शांत झालाय, की एसट्यासुद्धा बिचकत आत येतात.

परवा वाशीमला जाताना मुद्दाम कनेरगावला उतरलो. तिथे एका धाब्याला लागून सुमनचं टायपिंगचं दुकान आहे. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर मी हळूच विचारलं, जावयानं त्या दिवशीचा शब्द पाळला का, उभा राहिला का मधे.

तिनं कळांवरची बोटं न थांबवता सांगितलं, "त्यांच्यावर पाळीच आली न्हाई, काका. आजी टायपिंग शिकल्या."